टेकडीप्रेमी पुणेकरांना पत्रमोहिमेसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला येणाऱ्यांना आपल्या समितीची ओळख करून द्यायला नको. पण मागण्याआधी ज्यांनी आजवर भरभरून दिले, त्यांचे ऋण सांगितलेच पाहिजे. नारायण पेठेतल्या आपल्या छापखानावाल्या काकांनी पहिल्या पत्रकापासून फक्त कागदाचे पैसे घेतले. सुनावणीच्या आदल्या रात्री मशीन चालू ठेवून, शाई वाळायच्या आत गठ्ठे स्कूटरवर बांधून त्यांनी स्वतः आणून दिले. कोथरूडच्या निवृत्त बाई दर दिवाळीला पाकीट देतात आणि पावतीवर नाव घालू देत नाहीत. वकीलताईंनी हरित न्यायाधिकरणातल्या एकाही तारखेची फी घेतली नाही. आणि आपली कॉलेजची मुले! भर उन्हात झाडाझाडापाशी थांबून त्यांनी सालई, मोई, खैर यांच्या नोंदी केल्या. सालईच्या सालीचे पापुद्रे कसे सुटतात, हे आता ती आम्हालाच दाखवतात. या सगळ्यांचा समितीला अभिमान आहे.

आता मुद्द्याचे. हवामान बदल रोखण्यासाठीच्या पॅरिस करारावर भारताने 2016 साली गांधी जयंतीला शिक्कामोर्तब केले. 2030 पर्यंत जंगल आणि झाडोरा वाढवून अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ, हे वचन त्यातच आहे. पण वचन मोडले तर त्या करारात दंड नाही. सरकार कोणाचेही असो, त्याला जाब विचारायचा तो इथल्या लोकांनीच. जैवविविधतेच्या कराराचेही तेच. रिओत 1992 साली तो झाला, आपण 1994 साली स्वीकारला, त्यातून 2002 चा जैवविविधता कायदा आला, आणि त्या कायद्याने महापालिकेलाही जैवविविधता समिती नेमून लोकांच्या सहभागाने इथल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची नोंदवही करणे बंधनकारक केले. म्हणजे रिओतल्या सहीचा धागा थेट आपल्या टेकडीपर्यंत येतो. टेकडी फोडायचा प्रस्ताव येईल तेव्हा ही नोंदवही टेबलावर उघडली गेली पाहिजे, एवढीच आपली मागणी आहे.

त्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, आपले खासदार आणि महापालिका आयुक्त यांना हाताने लिहिलेली दहा हजार पोस्टकार्डे पाठवायची आहेत. छापील मजकुरावर नुसती सही नको. प्रत्येकाने आपल्या भाषेत, आपल्या ओळखीच्या झाडाबद्दल लिहावे. अशी पत्रे बाजूला सारणे अवघड जाते.

मनातले एक बोलतो. गेल्या वेळी ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला आणि सुनावणीच्या सभागृहात मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या. एवढ्या मोठ्या शहरातून शंभर माणसेही येऊ नयेत, हे फार लागले. या वेळी तसे होऊ देऊ नका.

खर्च अंदाजे 40 हजार रुपये (पोस्टकार्डे, पत्रके, माहिती अधिकाराच्या प्रती). रोख, धनादेश किंवा कार्यालयातल्या क्यूआर कोडवर. पावती लगेच मिळेल. कार्यालय सायंकाळी 6 ते 8, सोमवारी बंद. पत्रलेखन येत्या दोन्ही रविवारी सकाळी 7 ते 10, टेकडीच्या पायथ्याशी नेहमीच्या जागी. ज्येष्ठांसाठी खुर्च्या आहेत. पोस्टकार्डे आम्ही देऊ, पेन आपापले आणावे.

आपला नम्र,
चिटणीस