'नंतर'चा फोटो कसा तयार होतो, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीतलं लग्नसराईचं पान पाहिलं आणि राहवलं नाही. एकाच तरुणीचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले आहेत. डाव्याखाली 'आधी', उजव्याखाली 'नंतर', आणि मजकुरात एका लेपाने चार आठवड्यांत कांती उजळल्याचा दावा. बेळगावात खडेबाजारापासून शहापूर-वडगावपर्यंत फोटोचं काम करणारा कोणीही सांगेल की या दोन फोटोंमध्ये चार आठवड्यांचं अंतर नाही. भांगाजवळची सुटलेली बट दोन्हींत त्याच जागी आहे. कानातलं त्याच कोनात वळलेलं आहे. आणि मागची भिंत डावीकडे राखाडी, तर उजवीकडे जवळजवळ पांढरी. चेहऱ्याला लावलेल्या लेपाने भिंत उजळत नाही.

आपल्या कचेरीत रोज इतके फोटो हाताळले जातात, तिथे हे एकाच्याही नजरेला आलं नाही, हे पटत नाही. म्हणून असा फोटो कसा बनतो ते इथे सविस्तर लिहितो. पत्र लांबलं तरी हा भाग कापू नये, ही विनंती.

'आधी'साठी दिवा डोक्याच्या बरोबर वर ठेवतात. त्यामुळे डोळ्यांखाली, नाकाखाली आणि ओठांखाली सावल्या पडतात, आणि गालावरचा बारीकसा खड्डासुद्धा उठून दिसतो. हनुवटी खाली घ्यायला सांगतात आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, पाऊण स्टॉपच्या आसपास कमी करतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). 'नंतर'साठी त्याच खुर्चीवर, त्याच मुलीला, बाजूने 45 अंशांवर सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा मऊ उजेडाचा दिवा, लावतात. मांडीवर पांढरा थर्माकोल धरला की खालून प्रकाश परततो आणि सगळ्या सावल्या भरून निघतात. हनुवटी वर, ओठांवर हसू, आणि एक्स्पोजर तेवढंच जास्त. दोन्ही फोटोंत मिळून सुमारे दीड स्टॉपचा फरक झाला, म्हणजे दुसऱ्या फोटोत जवळजवळ पावणेतीन पट प्रकाश. संगणक अजून सुरूसुद्धा केलेला नाही, आणि अर्धं काम झालं. ओळखायचं असेल तर बुबुळात पाहावं. वरच्या दिव्याच्या फोटोत डोळे निस्तेज असतात, सॉफ्टबॉक्सच्या फोटोत बुबुळात चौकोनी पांढरा ठिपका चमकतो. आपल्या पानावर तो भिंगाशिवाय दिसतो.

पुढचं काम संगणकावर. मुरूम, डाग हीलिंग ब्रशने काढतात. चांगला रिटचर त्वचेचा पोत आणि रंग दोन वेगळ्या थरांत ठेवतो आणि फक्त रंगाचा थर सपाट करतो, म्हणजे रोमछिद्रं शिल्लक राहतात. घाईचं काम असलं की सरळ सगळ्यावर ब्लर मारतात आणि गाल मेणाचा दिसू लागतो. रंग गोरा करण्याची युक्ती तर अगदी सोपी आहे. भारतीय त्वचेचा रंग बहुतेक करून नारिंगी पट्ट्यात येतो. त्या पट्ट्याची उजळता 20-30 अंकांनी वर सरकवली की निळ्या-हिरव्या साडीला धक्का न लागता चेहरा, मान, हात सगळं एकदम उजळतं. पण सोनं आणि मेंदी त्याच पट्ट्याजवळ येतात. त्यामुळे असा फोटो पकडता येतो: मंगळसूत्राच्या वाट्या लिंबासारख्या फिक्या पडलेल्या असतात आणि मेंदीचा रंग उडालेला असतो. लग्नाच्या अल्बममध्ये मेंदी पुसट दिसली की लोक मेंदी काढणारीला दोष देतात. दोष बहुतेक वेळा त्या सरकपट्टीचा असतो. कंबर बारीक करायला लिक्विफाय, म्हणजे चित्राचा भाग आत-बाहेर ढकलणारं साधन, वापरतात. तिथे मागची दाराची चौकट, फरशीचे सांधे किंवा पैठणीचा काठ कमरेपाशी आत वळला आहे का, ते बघावं.

आता छपाईबद्दल, कारण वृत्तपत्रं नेहमी तिच्याकडे बोट दाखवतात. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, हे खरं. 50 टक्के जागा झाकणारा ठिपका छापून येईपर्यंत 75 टक्क्यांच्या आसपास जातो. सावळ्या चेहऱ्यात काळी शाई जास्त असली तर तो मळकट येतो. त्यावर उपाय आहे: त्वचेतली काळी शाई कमी करायची, मधले टोन थोडे उचलायचे, आणि डोळे, भुवया, ओठ यांचा उठाव तसाच ठेवायचा. असं केलं की सावळा चेहरा सावळाच आणि स्वच्छ छापून येतो. पण त्याला फोटोगणिक दोन-चार मिनिटं लागतात. पान लावणारा ऑपरेटर घाईत असतो, तो अख्खा चेहरा पांढुरका करून मोकळा होतो. भातलावणीच्या दिवसांत खानापूर तालुक्यातल्या बायकांचे फोटो आपल्याच अंकात येतात. उन्हाने रापलेले ते चेहरे उत्तम छापलेले असतात. म्हणजे आपल्या छापखान्याला ते जमतं. पुरवणीत मात्र तसा एकही चेहरा दिसत नाही.

रिटचिंग काही आजचं नाही. फिल्मच्या काळात निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करायचे. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे पेन्सिलीच्या बारीक रेघा भरल्या की प्रिंटवर तो डाग फिका येई. एका चेहऱ्याला खूप वेळ लागे, आणि तो फोटो त्या घरच्या भिंतीवरच राही. आता हेच काम मोबाईल क्षणात करतो आणि न विचारता करतो. बऱ्याच फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड विकत घेतल्यापासूनच चालू असतो. 2020 मध्ये गूगलने आपल्या फोनांत चेहरा गुळगुळीत करणारी सोय मुळात बंद ठेवण्याचं जाहीर केलं, ते याच कारणाने. ज्या मुलीने स्वतःचा चेहरा कायम त्या मोडमधूनच पाहिला, तिला आरशातला चेहरा आजारी वाटू लागतो.

तीच गोष्ट नाकाची. हातभर अंतरावरून सेल्फी काढली की कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ नाक असतं, म्हणून ते मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं: पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरच्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. नाक फेंदारं आहे म्हणून रडणाऱ्या मुलींना हे कोणीतरी सांगायला हवं. फोन पाच फुटांवर टेकवून ठेवावा, मागचा कॅमेरा, दोन पट झूम, टायमर, ब्यूटी मोड शून्यावर, आणि उजेड बाजूच्या खिडकीतून यावा. चेहरा जसा आहे तसा येतो. एवढी माहिती पुरवणीच्या पाव कॉलमात बसते.

फोटोने कुणाचं काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांसाठी फिजी बेटांचं उदाहरण देतो. तिथल्या एका प्रांतात 1995 मध्ये दूरदर्शन संच आले. त्या समाजात भरलेलं अंग चांगलं मानत. तीन वर्षांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या 11.3 टक्के निघाल्या. 1995 च्या पाहणीत अशी एकही नव्हती. पाहणी लहान होती, पण तीन वर्षं हा काळही लहानच आहे.

आपल्याकडे याचा पहिला फटका स्थळासाठीच्या फोटोला बसतो. बेळगाव-खानापूरच्या सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरपर्यंत होतात आणि मुलीच्या आधी तिचा फोटो व्हॉट्सॲपवरून पोचतो. स्टुडिओत आईच म्हणते, "थोडी उजळ करा की हो." करून दिलं तर बघायला आलेली माणसं फोटो आणि चेहरा ताडून बघतात. नाही केलं तर फोटो परत येतो. दोन्हीकडून त्या मुलीचाच अपमान.

आणि मग ती औषधाच्या दुकानात जाते. आपल्या पानावर लेपाची स्तुती आहे, पण गोऱ्या रंगासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांबद्दल एक ओळ नाही. अशा बऱ्याच मलमांना 2018 पासून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा खरंच उजळ दिसतो, तिथेच फसगत होते. नंतर कातडी पातळ होते, गालांवर लालसर शिरा दिसतात, मुरूम येतात, लव वाढते, आणि मलम थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. तेव्हा स्वतःच्या मनाने ते एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. वाईट हे की फोटोत हा लालपणाही लाल रंगाची पट्टी खाली ओढून पुसला जातो. मलमाने केलेलं नुकसान अल्बममध्ये दिसतच नाही, आणि पाहुण्यारावळ्यांतली दुसरी मुलगी तो अल्बम पाहून तेच मलम मागते.

त्याच पानाच्या तळाशी लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा चेहऱ्याला चोळण्याचा सल्ला आहे. लिंबाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 ते 3, सोड्याचा 8 च्या वर, त्वचेचा साधारण 5. दोन्ही पदार्थ त्वचेला त्रासच देतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात, आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. हा सल्ला चुकीचा होता, असं येत्या शनिवारी त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापावं.

जाहिरातदार काय म्हणतील याची काळजी असेल, तर जाहिरात मानक परिषदेने (ASCI, जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था) 2014 मध्येच नियम दिले आहेत: सावळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेली दाखवू नये, आणि 'आधी'च्या चित्रातला चेहरा खिन्न दाखवू नये. शनिवारच्या फोटोत नेमकं तेच आहे. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून मॉडेलची अंगकाठी बदललेल्या जाहिरातीवर 'फोटोत फेरफार केला आहे' असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर 37,500 युरोपर्यंत दंड. नॉर्वेत जुलै 2022 पासून शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींना तसा शिक्का लागतो. आपल्याकडे असा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. फोटोच्या कोपऱ्यात 'या छायाचित्रात चेहरा व रंग बदलला आहे' एवढी ओळ, आठ पॉइंटात, कोणतंही वृत्तपत्र स्वतःहून छापू शकतं.

शिवाय तो मजकूर लेख आहे की जाहिरात? शेवटी एका ब्यूटी पार्लरचा पत्ता आहे, पण 'जाहिरात' हा शब्द पानावर कुठेच सापडत नाही. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखू आली पाहिजे, असं प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. पैसे घेऊन छापलं असेल तर तसं ठळक लिहावं.

कळावे,
आपला,
एक छायाचित्र व्यावसायिक, शहापूर, बेळगाव

ता. क. : वधू-वर कॉलमात रविवारी पुन्हा 'गोरी, सडपातळ मुलगी हवी' अशा ओळी होत्या. शादी डॉट कॉमने 2020 मध्ये वर्णानुसार स्थळं निवडण्याची सोय लोकांच्या तक्रारीनंतर काढून टाकली. आपल्या जाहिरात खिडकीवर शिक्षण, नोकरी, गाव लिहून घ्यावं आणि रंगाची अट असलेली ओळ परत करावी. त्याने होणारं जाहिरातीचं नुकसान फार मोठं नसेल.