फॅमिली रूमचा पडदा धरणाऱ्या काकांना

काका,

परवा व्हीनस कॉर्नरवरून येताना तुमच्या हॉटेलचं शटर अर्धं वर दिसलं. आत माणसं प्लायवूड उपटत होती. शेजारचा पानवाला म्हणाला, तुम्ही कायमचे गावी गेलात. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

2004 चा पावसाळा होता. त्याआधी मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघं दुसऱ्या एका परमिट रूममध्ये जायचो. एका शनिवारी भरल्या हॉलमध्ये मालक म्हणाला, "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं नकोत, फॅमिली येते इथं." बाटली अर्धी तशीच टेबलावर राहिली. पैसे मात्र पूर्ण घेतले, तेवढं विसरला नाही. तोच माणूस 26 जूनला शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला पुढं. महाराज अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा प्यायचे, ही गोष्टही रंगवून सांगत असेल.

तुमच्याकडं आलो ते भिजून, घाबरून. हॉलमध्ये जागा नव्हती. तुम्ही एकदा आमच्याकडं बघितलंत, गल्ल्यावरून उठलात आणि कोपऱ्यातल्या खोलीचा पडदा हातानं बाजूला धरलात. वर पाटी, 'फक्त फॅमिलीसाठी'. मी उंबऱ्यातच थबकलो. तुम्ही म्हणालात, "बसा की. पाटी वाचून कोण जेवतंय हितं?"

आम्ही दोघं आत जाऊन बसेपर्यंत तुम्ही तो पडदा धरून उभे होता. वेटर सोडून स्वतः. गल्ल्यावर माणसं खोळंबलेली. आमच्यासाठी अंतरपाट कुणी धरला नाही, धरणारही नाही. पण कुणीतरी पडदा दूर केला होता, एवढं सांगायला मला तो तुमचा तेलकट हिरवा पडदा आहे.

मग हळूहळू इचलकरंजीचा एक, गडहिंग्लजचे दोघं, असे सहा-सात जण झालो. बायकांचं अवघड. परमिट रूमची पायरी त्या चढणार कशा? आमच्यातल्या दोघी रंकाळ्याच्या कट्ट्यावर दिवेलागणीपर्यंत बसायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. त्यांना तुम्ही दुपारी यायला सांगितलंत. तांबडा-पांढऱ्याच्या दोन ताटांवर तीन तास बसल्या तरी कधी बिल पुढं सरकवलं नाहीत.

मुंबईकर मित्र कुलाब्याच्या गोकुळ बारच्या, व्हूडू पबातल्या शनिवार रात्रींच्या आठवणी काढतात. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर 28 जून 1969 ला पोलिसांची धाड पडली, लोक उलटले, आणि पुढच्या वर्षीपासून प्राइडचे मोर्चे निघाले. आमच्या कोल्हापूरच्या इतिहासात एक सनमायकाचं टेबल आणि सहा खुर्च्या. सातवा आला की तुम्ही बाहेरून स्टूल आणायचात.

2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयानं आम्हाला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सोडवलं, तेव्हा आम्ही त्या खोलीत पेढे वाटले. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, तेव्हा तिथंच गप्प बसलो. 6 सप्टेंबर 2018 ला कायमचे सुटलो, तेव्हा एकजण टेबलावर डोकं ठेवून रडला. तुम्ही काही विचारलं नाही. तिन्ही वेळा बडीशेप आणून ठेवलीत आणि पडदा ओढून घेतलात.

काका, एक मागणं आहे. ती पाटी भंगारात गेली नसेल तर मला द्या. आमच्या दारावर लावायची आहे. पैसे देतो म्हटलं तर शिव्या घालाल, म्हणून म्हणत नाही.

तुमचा,
सातव्या स्टुलावरचा