सूचना: कुत्र्या-मांजरांचे लसीकरण

सर्व प्राणीपालक सभासदांसाठी,

कुत्र्याच्या पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली एकत्रित लस (डिस्टेंपर, पार्वो इत्यादी विषाणूजन्य आजारांवरची) द्या आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. सर्वाधिक चूक इथेच होते. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे लस निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून दोन डोसांवर थांबलेल्या पिल्लालाही पार्वो होतो. शेवटचा डोस होईपर्यंत त्याला रस्त्यावर, बागेत सोडू नका.

रेबीजची लस वयाच्या तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. पुणे महापालिकेच्या परवान्यासाठीही हा दाखला लागतो.

लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा आजार) लसीचे संरक्षण जेमतेम वर्षभर टिकते, त्यामुळे बूस्टर मे महिन्यातच उरकावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. खंड मोठा पडला असेल तर पुन्हा दोन डोस लागतात.

मांजरांना आठव्या आठवड्यापासून ट्रायकॅट (तीन आजारांवरची एकत्रित लस) आणि तीन महिन्यांनंतर रेबीज. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही, कारण पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चपलांवरून घरात येतो.

आजारी प्राण्याला लस देऊ नका. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा; तोंड सुजले, उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवा. कार्डावर बाटलीचे स्टिकर लावून घ्या.

– प्राणीपालक समिती