चि. मुक्तास, नमुन्यांच्या कामाबद्दल

पुणे, १४ जून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मधुमेहाच्या जनुकीय जोखमीचं काम तुझ्याकडे आलं आणि त्यासाठीचं रक्त पुण्याहून हैदराबादला येणार, हे वाचून फार आनंद झाला. विश्लेषणाची कुठली पद्धत आधी शिकू, असं तू विचारलंस. पद्धत नंतर शीक. आधी यादीतल्या प्रत्येक रुग्णाला नेमका कोणता मधुमेह आहे, ते तपास.

‘वय तिशीच्या आत, इन्सुलिन चालू’ एवढ्यावरच कागदावर टाइप १ लिहिलेलं सापडेल. आपल्याकडे टाइप २ लवकर होतो आणि अंगानं बारीक माणसालाही होतो, त्यामुळे वय आणि वजन फारसं काही सांगत नाही. टाइप १ मध्ये शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं, म्हणून त्यांच्याविरुद्धच्या जीएडी, आयए-२ आणि झेडएनटी८ या प्रतिपिंडांचे रिपोर्ट माग. आजार जुना असेल तर प्रतिपिंडं ओसरलेली असतात. तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टवरून टाइप १ नाकारू नकोस, सी-पेप्टाइड पाहा; शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं, ते त्यावरून कळतं. निदानाला तीन वर्षं होऊनही ते भरपूर असेल तर कागदावरचं निदान पुन्हा तपासायला लाव. सी-पेप्टाइडसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी घ्या. तिच्यात ते खोलीच्या तापमानाला दिवसभर टिकतं. साध्या नळीत रक्त लगेच फिरवून सीरम थंड केलं नाही तर आकडा खोटा कमी येतो. (इथल्या मे महिन्यातल्या दुपारी बंद गाडीतलं तापमान म्हणजे खोलीचं तापमान नव्हे, हे नमुने आणणाऱ्याला स्पष्ट सांगून ठेव.)

सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेलं बाळ यादीत दिसलं तर त्याला टाइप १ मध्ये मोजू नकोस. केसीएनजे११ आणि एबीसीसी८ ही जनुकं आधी वाचून घ्या. त्यांत दोष निघाला तर यातली बरीच मुलं इन्सुलिन सोडून ग्लिबेनक्लामाइडच्या गोळीवर येऊ शकतात. असा निकाल लेख छापून येईपर्यंत फाइलमध्ये पडून राहता कामा नये, तो त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेला पाहिजे.

डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, ३ ते ५ मिली रक्त. हेपारिनची नळी नको, हेपारिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया, अडवतं. डीएनए किती शुद्ध आहे ते सांगणारं २६०/२८० चं (त्या दोन नॅनोमीटर लांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचं) गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. १.६ आलं तर बहुधा प्रथिन राहिलं आहे. २६०/२३० खाली गेलं तर मीठ किंवा किटमधलं रसायन उरलं आहे, ७० टक्के इथेनॉलनं पुन्हा धू आणि नीट सुकव. नमुन्यांची प्लेट भरताना नॅनोड्रॉप या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नकोस. त्यात आरएनएही मोजला जातो. चमकणाऱ्या रंगद्रव्यानं मोज.

आता प्लेट. माझ्या मते सगळ्यात जास्त अभ्यास इथेच वाया जातात. ९६ खळग्यांच्या प्रत्येक प्लेटमध्ये रुग्ण आणि निरोगी माणसं मिसळलेली हवीत, शिवाय एखादा नमुना दोनदा आणि एक खळगा नुसत्या पाण्याचा. रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्या प्लेटवर गेले की दोन दिवसांच्या रसायनातला फरक जनुकांचा फरक बनून समोर येतो, आणि मग कितीही गणित केलं तरी तो वेगळा काढता येत नाही. एक्स गुणसूत्रावरून ठरलेलं लिंग फॉर्मशी जुळव. एक नमुना जुळला नाही म्हणून तेवढाच काढून टाकू नकोस, शेजारचेही बघ. प्लेट अर्धा फेरा फिरवून उलट्या दिशेनं ठेवली गेली तर ए१ च्या जागी एच१२ येतो आणि सगळीच नावं बदलतात.

फॉर्ममध्ये मातृभाषा, आजी-आजोबांचं मूळ गाव आणि आईवडिलांचं आधीचं नातं विचारा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे परकं नाही. अशा घरांत जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असण्याचं प्रमाण वाढतं आणि हार्डी-वाइनबर्गच्या चाळणीत (जनुकाच्या जोड्या अपेक्षित प्रमाणात आहेत का, या तपासणीत) चांगले मार्कर, म्हणजे डीएनएतल्या खुणा, विनाकारण गळतात. ती चाळणी निरोगी गटातल्या, आईवडिलांचं आधीचं नातं नसलेल्या माणसांवरच लाव.

टाइप १ च्या जोखमीचा सर्वांत मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या भागात आहे, मुख्यतः त्यातल्या डीआर३ आणि डीआर४-डीक्यू८ या प्रकारांमध्ये. युरोपीय लोकांवरून बांधलेला जोखीम-गुणांक (अनेक मार्करांची मिळून काढलेली बेरीज) भारतीयांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखतो, पण किंचित कमी अचूकपणे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा गट आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांच्या २०२० च्या अभ्यासात ते दिसलं. तो नक्की वाच. तिकडे डीआर३ ची खूण म्हणून वापरलेला मार्कर आपल्या लोकांत त्याच डीआर३ सोबत असेलच असं नाही. म्हणून काही नमुन्यांचं थेट एचएलए टायपिंग करून ताडून पाहा. तिकडची सीमारेषाही जशीच्या तशी उचलू नका.

सापडलेला संबंध निव्वळ योगायोग नाही असं मानायला लागणारी ५ × १०⁻⁸ ची अट तुला ठाऊकच आहे, तिच्यावर वेगळं लिहीत नाही.

संमतीपत्राचा मराठी मसुदा पाठव. ‘उपचार बदलू शकेल असं काही सापडलं तर आम्हाला कळवा’ हा रकाना त्यात वेगळा हवा, आणि त्यापुढे हो-नाहीची चौकट. मी रविवारी वाचून देते.

तुझी,
आई