नानांच्या स्वर्गाबद्दल

सोलापूर

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर अम्मा तुझ्या शेजारीच बसल्या होत्या, मोकळं बोलता येईना, म्हणून हे पत्र.

नानांच्या दहाव्याला तुमच्या नात्यातले ते वडीलधारे बोलून गेले, "माणूस लाखात एक होता, पण देवाला कधी हात जोडला नाही. त्याला कसला स्वर्ग?" बोलले, चहा घेतला आणि निघून गेले. अम्मांच्या मनातून मात्र ते जात नाही. तू विचारलंस, तुझं यावर खरंच काय म्हणणं आहे. मी देव मानणारा, रोज शाळेत जाण्याआधी सिद्धेश्वराला जाऊन येणारा, गड्ड्याच्या, म्हणजे त्याच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांमागे अनवाणी चालणारा. लाल बावट्याच्या नानांबद्दल मी काय बोलतो, हे तुला ऐकायचं असणार.

मला त्या गृहस्थांचं म्हणणं पटत नाही, आणि देव मानतो म्हणूनच पटत नाही.

तुमचा ओटा आठव. कारखान्यातली पाळी संपवून नाना यायचे, केसांत सुताचा भुगा तसाच. हातपाय धुऊन बसले की पूर्व भागातल्या विडी कामगार बायका कागद घेऊन यायच्या. कुणाचा फंडाचा फॉर्म, कुणाचं रेशनकार्ड, कुणाची नवऱ्यामागची पेन्शन. नाना एकेक रकाना मोठ्याने वाचून, तेलुगूत समजावून भरायचे. अंगठा उठवून झाला की वाटीतलं ओलं फडकं त्या बाईच्या हातात द्यायचे, आणि तिचं बोट पुसून होईपर्यंत पुढचा कागद उचलायचे नाहीत. कुणी केळी आणली तर तिथेच पोरांत वाटून टाकायची. "पुण्य लागेल तुम्हाला," असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "ते राहू दे, पावती जपून ठेव."

आता शास्त्राचं म्हणशील, तर हा वाद आपल्या गावात नऊशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. सिद्धरामांनी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांनी, सोन्नलगीत, तेव्हाच्या सोलापुरात, अडुसष्ट लिंगं स्थापली, लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. ते काम चालू असताना शिवशरण संत अल्लमप्रभू आले आणि भर लोकांत म्हणाले, कुठे आहे तो तुमचा माती खणणारा वडार? खोदणाऱ्यांना राग आला, त्यांनी दगड भिरकावले. पुढे दोघांचा संवाद झाला आणि अल्लमांनी सिद्धरामांना दाखवून दिलं, की तळी आणि देवळं बांधली, तरी 'हे मी केलं' हे आत शिल्लक असेल तर गाठ सुटलेली नाही. सिद्धरामांनी ते मानलं, कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांकडे, म्हणजे बसवेश्वरांकडे गेले. लहानपणी ही कथा ऐकताना मला अल्लमांचा राग यायचा, घाम गाळणाऱ्याला असं बोलतात का म्हणून. आता वाटतं, त्यांचा रोख खोदण्यावर नव्हताच, खोदल्याच्या हिशेबावर होता. आणि असा हिशेब नानांनी ठेवल्याचं तुला तरी आठवतं का? मला नाही आठवत.

माझ्या शाळेत एक ख्रिस्ती सहकारी आहेत, त्यांच्याशीही यावर बोललो. त्यांच्याकडे हा प्रश्न फार धारदार आहे. पौल इफिसकरांना लिहितो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. याकोबाच्या पत्रात उलट, कर्मांवाचून विश्वास निर्जीव. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरपासून पश्चिमेची चर्च दुभंगली, त्यात हाच वाद कळीचा होता. दोन्ही बाजूंनी एकमेकांना शाप दिले. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका निवेदनावर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो कृपेने, श्रद्धेतून, आणि सत्कर्मं त्यातून उगवतात, असा त्याचा मथितार्थ.

पण त्यांनी मला मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय वाचायला दिला, तो मी दोनदा वाचला. न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. ते गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नसतो. आपण कुणासाठी काय केलं, हे ठाऊक नसलेल्यांनाच तिथे आत घेतलं जातं. वाचताना मला नानांचीच आठवण झाली.

मुसलमानांच्या कुराणात 'ज्यांनी श्रद्धा ठेवली आणि सत्कृत्यं केली' ही जोडी पुन्हा पुन्हा येते, आणि हदीसमध्ये खुद्द पैगंबर म्हणतात की केवळ कर्मांच्या जोरावर कुणीच स्वर्गात जाणार नाही, मीसुद्धा नाही, अल्लाची दया झाली तरच. गीता तर पुण्याने मिळवलेला स्वर्गही टिकाऊ मानत नाही, पुण्य सरलं की पुन्हा खाली.

म्हणजे श्रद्धेचं काहीच नाही का? आहे, आणि मला ते फार मोठं वाटतं. माझी आई शेवटची वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्या हातून कसलं सत्कर्म होणार? पडल्या पडल्या 'ॐ नमः शिवाय' म्हणायची, तेवढंच. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे चांगलं काही करायला वेळच उरला नव्हता. त्याने फक्त "माझी आठवण ठेव" म्हटलं आणि त्याला शब्द मिळाला. जगाला देण्यासारखं ज्याच्या हातात काही उरलं नाही, त्याच्यासाठी श्रद्धा हे उघडं दार आहे. ज्याने आयुष्यभर दोन्ही हातांनी दिलं, त्याच्या तोंडावर तेच दार कुणी आपटलं, तर मला ती श्रद्धेचीच विटंबना वाटते. कुणाच्या आत काय होतं, हे दहाव्याला आलेल्या माणसाला कसं कळणार?

चार हुतात्मा चौकातून जाताना मला नेहमी वाटतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. इंग्रजांच्या राज्यात, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्याच्या तुरुंगात चौघे फासावर गेले. देवाने त्यांना वेगवेगळ्या दारांपाशी उभं केलं असेल, हे माझ्या मनाला पटूच शकत नाही.

अम्मांचं दुखणं मात्र वेगळं आहे, असं मला वाटतं. नाना कुठे गेले, यापेक्षा आपण दोघं तिथे एका ठिकाणी असू का, हे त्यांना विचारायचं आहे. त्यांना महाभारताचा शेवट सांग. धर्मराज स्वर्गात पोचला तर तिथे दुर्योधन थाटात बसलेला, आणि भाऊ, द्रौपदी नरकात. त्यांचा आवाज ऐकून तो म्हणाला, माझी माणसं इथे आहेत तर मी इथेच राहतो, हाच माझा स्वर्ग. तेव्हाच तो नरक विरून गेला. तू तेलुगूत सांगितलंस तर त्यांना जास्त जवळचं वाटेल.

आणि त्यांना नानांच्या नावाने पूजा करायची असेल तर करू दे. नानांनी त्यांच्या देव्हाऱ्याला कधी आडकाठी केली नाही, तूही करू नकोस. सामान मी आणून देतो. ओट्यावर बायका अजून कागद घेऊन येतात, दर रविवारी संध्याकाळी मी बसत जाईन. पेन्शनचे दोन फॉर्म अडकलेत, त्यांचे जुने अर्ज नानांच्या पत्र्याच्या पेटीत असतील. पेटीची किल्ली अम्मांकडे आहे की तुझ्याकडे, तेवढं कळव.

तुझा,
जुना बाकसोबती