हायड्रेंजियाला दिवाळीत कात्री लावू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोटो पाहिले. झाड घेरदार, पानं हिरवीगार आणि फूल एकही नाही, म्हणजे चूक छाटणीची आहे. बाबा, तुम्ही दिवाळीच्या सुमारास गुलाबाबरोबर हायड्रेंजियाही छाटता. गुलाब नव्या फुटीवर फुलतो, तुमचा हा मोठ्या पानांचा हायड्रेंजिया मात्र जुन्या काडीवर. पाचगणीच्या रात्री १८ अंशांखाली उतरल्या, की सहा-आठ आठवड्यांत शेंड्याच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढचा फुलांचा झुपका तयार होतो. तो शेंडाच तुम्ही कापता.

छाटणी फुलं सुकल्याबरोबर करा, पावसाने उघडीप दिली की. सुकलेल्या झुपक्याखालच्या टपोऱ्या डोळ्यांच्या पहिल्या जोडीच्या जरा वर कापा. खूप जुन्या, जाड काड्या जमिनीलगत काढा, पण एका वर्षी एक तृतीयांशाहून जास्त नको. सप्टेंबरनंतर कात्री बंद. युरियाही थांबवा, नत्र जास्त झालं की नुसता पाला वाढतो.

आई, भिंतीजवळचं झाड गुलाबी आणि कुंपणाजवळचं निळं, हा मातीचा फरक आहे. तिथली जांभ्याची माती आम्ल, सामू (pH) ५.५ च्या खाली, म्हणून झाडाला ॲल्युमिनियम मिळतं आणि निळा रंग येतो. भिंतीच्या सिमेंटमधला चुना झिरपून सामू चढतो आणि ॲल्युमिनियम अडकून पडतं. निळं हवं असेल तर ४ लिटर पाण्यात १५ ग्रॅम तुरटी विरघळवून फेब्रुवारीपासून महिन्यातून एकदा घाल. आधी साध्या पाण्याने माती भिजव, नाहीतर मुळं भाजतात. हाडांचं खत तिथे अजिबात नको, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियम बांधून ठेवतं. उमललेल्या फुलाचा रंग बदलत नाही, पुढच्या बहराची वाट पाहावी लागेल. पांढरी जात मात्र निळी होत नाही.

दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात. तशा ओल्या मातीत रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात, आणि मग झाड सावरत नाही. उन्हाळ्यात बुंध्याभोवती तीन इंच पालापाचोळा अंथरा, बुंध्याला मात्र चिकटवू नका. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, एवढंच या झाडाला मानवतं.

छाटलेल्या फांद्या गाईपुढे टाकू नका, पानं विषारी असतात.

तुमची,
लेक