दुपारी तीन ते सहा या वेळेत भट्टी थंड असते

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या एका हॉटेलात तंदूरवर होता. चौदा महिन्यांपूर्वी त्याने आत्महत्या केली. हे वाक्य लिहायला मला एवढे दिवस लागले. घरी आम्ही अजून ‘तो गेला तेव्हा’ एवढंच म्हणतो.

परवा अँथनी बोर्डेन यांचं ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ पुन्हा उघडलं. न्यूयॉर्कच्या या शेफचं आत्मकथन २००० साली आलं. दुपारी भट्टी थंडावली की भाऊ घरी यायचा आणि मी त्याला त्यातलं मराठीत सांगायचो. भाजलेले हात, रात्र-रात्र चालणारं काम, दुखलं-खुपलं तरी हजर राहायचा हट्ट. तो मनगटावरचा डाग दाखवायचा, “दादा, तिकडं बी असंच हाय की!” ८ जून २०१८ला बोर्डेन यांनी फ्रान्समध्ये आत्महत्या केली, वयाच्या ६१व्या वर्षी. ती बातमी मला भावानेच सांगितली. “एवढं सगळं असून?” म्हणाला आणि कामावर गेला.

या वेळी वाचताना मी पानापानावर खुणा शोधत होतो. (घरातलं माणूस असं गेलं की दुसऱ्याच्या मरणातही आपलं उत्तर सापडेल असं वाटत राहतं.) हेरॉइनच्या व्यसनाबद्दल ते मोकळेपणाने लिहितात, पण अठरा वर्षांनंतरच्या त्या दिवसाचं कारण तिथे कसं असणार? मी शोधणं सोडलं. एक गोष्ट मात्र टोचत राहिली. सोसण्याचं जे कौतुक मी भावाला रंगवून सांगत होतो, त्यात ‘मी थकलोय’ म्हणायला त्याला जागाच नव्हती.

शेवटी-शेवटी त्याची झोप उडाली होती. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर ओपीडी सकाळची. तो रात्री दीडला सुटायचा, पहाटे कुठे डोळा लागायचा. खाडा पडला की पगार कापला जायचा. राहून गेलं.

२०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली, ही देशातली सर्वाधिक नोंद. देशभरच्या १,७०,९२४ जणांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदारीवर जगणारे होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २९ने आत्महत्या रोखण्याचे कार्यक्रम आखण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास चालू आहे. भावाला तो माहीत नव्हता. मलाही नव्हता.

हॉटेलात अन्न परवाना दिसेल असा लावावाच लागतो. खातं दुसरं असलं तरी तिथल्या मंत्र्यांशी बोलून त्याच्याशेजारी, आणि भटारखान्यातही, हा नंबर मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगूत मोठ्या अक्षरांत लावायला सांगा. आणि सोलापुरात आठवड्यातून दोन दिवस तरी सरकारी समुपदेशन दुपारी तीन ते सहा ठेवा. आचाऱ्याला येता येईल अशी तेवढीच वेळ असते.

भावाच्या जागी आता बावीस वर्षांचा पोरगा आहे. त्याला मी नंबर कागदावर लिहून दिलाय. बाकीच्या भट्ट्यांपर्यंत मी एकटा पोचू शकत नाही.

आपला,
एक थोरला भाऊ
सोलापूर